माजघर ते ओसरी

जालना, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९४६

दैनंदिनी लिहिण्याची सवय मला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आग्नेसने लावली. दिवसभरात झालेल्या चुका संध्याकाळी लिहून काढाव्यात, असं तिचं सांगणं होतं. मी पन्नास वर्षं लिहिते आहे. बहुतेक दुसऱ्यांच्या.

आज घरात एकदाचं ठरलं. भुजंगची बायको पुष्पा १ डिसेंबरला शाळेत पुन्हा रुजू होणार आणि साडेदहा ते दोन या वेळात त्यांच्या सहा महिन्यांच्या उषाला मी सांभाळणार. भुजंग माझा भाचा. कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात कारकून आहे, स्वभावाने चांगला, म्हणजे कुणालाच काही बोलत नाही. बोलायचं काम पुष्पाच्या आईने केलं. चतुराबाई मंठ्याहून बैलगाडीने अंग खिळखिळं करून घेत आल्या, त्या एवढंच सांगायला, की पोरीने नोकरी सोडावी नाहीतर लेकरू मंठ्याला पाठवावं, कारण "आत्याबाईंचं आता वय झालं."

माझं वय एकसष्ट आहे. त्यांचं किती आहे ते त्या सांगत नाहीत.

पुष्पा ज्या शाळेत शिकवते ती बावीस वर्षं मी चालवली. बाराव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीला वडिलांनी शिकवलं म्हणून मी तिथवर पोचले. लग्न झालेल्या बाईलाही जागा द्या, असं तालीमात खात्याला, म्हणजे निजामाच्या शिक्षण खात्याला, मी किती वेळा लिहिलं याची गणती नाही. प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं, मूल झालं की त्या टिकत नाहीत. पुष्पा ही तिथली पहिली लग्न झालेली शिक्षिका. तिने नोकरी सोडली की खात्याचं उत्तर खरं ठरेल आणि पुढची वीस वर्षं तेच चालेल. तेव्हा ती सोडणार नाही.

अडचण एकच. उषाची झोळी माजघरात, आढ्याला टांगलेली. तिथे ऊब आहे, वारा लागत नाही. मी बसते ओसरीवर, कारण थंडीत माझ्या गुडघ्यांना ऊन लागतं आणि वाचायला उजेड. मधे बैठक आणि हातभर जाडीच्या दोन भिंती. मूल निजलं की त्याच्या उशाशी बसून राहायचं मला पसंत नाही. त्याने एकट्याने निजायला शिकलं पाहिजे. आम्ही चाळीस मुली एका हॉलमध्ये निजत होतो, कुणी आमच्या उशाशी बसलं नाही. तेव्हा रडणं माजघरातून ओसरीवर आणून देईल अशी काहीतरी साधी, सरळ वस्तू शोधायला हवी. एवढ्या मोठ्या गावात ती मिळू नये असं नाही.

जाता जाता लिहून ठेवते. पुष्पा आज बाजाराला गेली ती न सांगता. मोठ्या माणसाला 'येते' म्हणून उंबरा ओलांडावा, एवढं मंठ्याला शिकवत नसावेत.

रविवार, १७ नोव्हेंबर

घुंगरू आणले. भुजंगने झोळीच्या दोरीला बांधले. उषा हलली की ते वाजणार आणि मला ओसरीवर कळणार.

कळलं नाही. उषा जागी झाली, तिने पाय झाडले, भुजंग बैठकीतून आला आणि म्हणाला, "आत्याबाई, घुंगरू वाजून राह्यले की."

मी म्हटलं, तू झोळीपासून चार पावलांवर होतास, तुला वाजणारच. घुंगरू कसले, पत्र्याचे तुकडे आहेत. पूर्वी पितळेचे येत, सबंध गल्लीला ऐकू जात. लढाईत सगळं पितळ तोफांना गेलं आणि आमच्या नशिबी हा पत्रा आला.

त्यावरून आठवलं. अकराच्या पॅसेंजरची शिट्टी महिनाभर ऐकली नाही. आधी वाटलं, गाडीच बंद झाली. पण पलीकडचा पुंजाराम त्याच गाडीने परवा मालाला गेला. म्हणजे गाडी येते आणि शिट्टी देत नाही. कोळशाची बचत चालली असेल. शिट्टीवर मी तीस वर्षं घड्याळ लावत आले. स्टेशन मास्तरांना पत्र लिहिलं पाहिजे.

बुधवार, २० नोव्हेंबर

दुसरा प्रयोग, नळीचा. कारखान्यात खालच्या माणसाशी वरून बोलायला लोखंडी नळी असते, तशी जुनी नळी भुजंगने आणली. एक तोंड झोळीशी, दुसऱ्या तोंडाला फुटक्या ग्रामोफोनचा कर्णा. कर्णा माझ्या खुर्चीशेजारी. आमच्या ओसरीला नाटक कंपनीचा मुक्काम पडल्यासारखी कळा आली. जाणारे येणारे थांबून बघत होते.

पुष्पाने माजघरात नळीपाशी तोंड नेऊन कविता म्हटली. मी कर्ण्याला कान लावला तर अर्धीमुर्धी आली. कान काढला की काहीच नाही. साडेतीन तास कर्ण्याला कान लावून बसायचं असेल तर झोळीपाशीच बसलेलं काय वाईट. नळी परत पाठवली.

पुष्पाची कविता म्हणायची पद्धतही सदोष आहे. ओळीचा शेवट गिळते. आजकाल सगळेच गिळतात. पूर्वी माणसं तोंड उघडून बोलत.

शनिवार, २३ नोव्हेंबर

स्टेशन मास्तरांना पत्र टाकलं. भाषा सौम्य ठेवली. 'बेजबाबदारपणा' हा शब्द एकदाच वापरला.

पुष्पाला आज समोर बसवून विचारलं, की बाई गं, बाहेर जाताना सांगून का जात नाहीस. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांगते की, आत्याबाई. रोजच सांगते."

मी वाद वाढवला नाही. खोटं बोलणाऱ्या मुलीला वर्गात सगळ्यांसमोर बोलू नये, नंतर एकटीला गाठावं, असा माझा नियम होता. पण खोटं बोलणारीचा चेहरा मला ओळखता येतो. तिचा तसा नव्हता. म्हणून जास्त राग आला.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

अखेर वस्तू सापडली. रेडिओ दुरुस्त करणारा इब्राहीम पलटणीच्या लिलावातून जुन्या वस्तू आणतो. त्याची बहीण गौहर माझी विद्यार्थिनी, त्यामुळे तो मला फसवणार नाही. त्याने आवाज टिपणारी एक डबी आणली, डब्यातल्या सुपारीएवढीही नाही. ती झोळीपाशी लटकवायची. तिथून तार बैठकीच्या दारावरून ओसरीपर्यंत आणायची. ओसरीवर एक लाकडी पेटी, तिला जाळी आणि एक खुंटी. खुंटी पिळली की आवाज चढतो. सगळं लॉरीच्या बॅटरीवर चालतं. दाराच्या चौकटीवर तारेसाठी त्याने चिनी मातीच्या पांढऱ्या गुंड्या बसवल्या. काम नीटनेटकं आहे.

मग तपासणी. पुष्पा आत बोलू लागली, मी पेटीपाशी बसले, इब्राहीम खुंटीपाशी. मी म्हटलं, वाढव. त्याने वाढवला. म्हटलं, अजून. असं चार वेळा झालं. शेवटी म्हटलं, आता ठीक आहे, आता माणसाचा आवाज वाटतो. तेव्हा बघते तर इब्राहीमने आपल्या एका कानात बोट घातलं होतं. मी विचारलं, काय झालं. तो हसला आणि म्हणाला, "कुछ न्हाई बाई. मशीनच कमजोर हाय. तुम्ही एवढ्यावरच ठेवा."

विकणारा माणूस स्वतःच्या मालाला कमजोर म्हणतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मुलगा प्रामाणिक आहे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

पुंजाराम तक्रार घेऊन आला. समोरच्या कोपऱ्यावर त्याचं तेलाचं दुकान आहे आणि मागे एक म्हैस. त्याचं म्हणणं, आमच्या पेटीतून लेकरू रडायला लागलं की त्याची म्हैस बिचकते आणि पान्हा चोरते. हे सांगताना तो इतका जवळ येऊन ओरडत होता, की त्याने सकाळी काय खाल्लं ते मला सांगता आलं असतं. मी त्याला म्हटलं, ओरडू नकोस, मी तुझी म्हैस नाही.

माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघून गेला. तो आणि इब्राहीम पुढे बराच वेळ कोपऱ्यावर बोलत होते. ते काय बोलले ते मला कळलं नाही. जाणून घ्यायची इच्छाही नाही.

रविवार, १ डिसेंबर

पुष्पा रुजू झाली. आमच्या शाळांना सुट्टी शुक्रवारची, रविवारी शाळा भरते. निळ्या काठाचं लुगडं, हातात माझीच जुनी छत्री. दारापर्यंत गेली, वळली, पुन्हा आत जाऊन उषाला बघून आली, पुन्हा दारात गेली. तोंड हलल्यासारखं वाटलं. मी पेटीची खुंटी बघण्यात होते.

उषा बारापर्यंत निजली. मी तिला उठवून पेज दिली, ओसरीवर उन्हात मांडीवर घेतलं. नाक भुजंगचं आहे, हट्ट कुणाचा आहे ते मी सांगत नाही. दोन वाजता पुष्पा धावत आली आणि लेकरू हसताना बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, यात रडण्यासारखं काय आहे. शाळेत काय झालं ते सांग. तिने सांगितलं. चौथीला तिने अपूर्णांक शिकवले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने उत्तर दिलं, तिचं म्हणे वर्षभरातलं ते पहिलं उत्तर. सांगताना पुष्पाच्या चेहऱ्यावर जे होतं त्यासाठी मी बावीस वर्षं खात्याशी भांडले.

सोमवार, २ डिसेंबर

स्टेशन मास्तरांचं उत्तर आलं. अकराच्या पॅसेंजरची शिट्टी येताना आणि निघताना दोन्ही वेळा नियमाप्रमाणे दिली जाते आणि एकही दिवस चुकलेली नाही. खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'आपली प्रकृती उत्तम असावी ही प्रार्थना.'

माझ्या प्रकृतीशी याचा काय संबंध? उत्तर लिहायला बसले, तीन वेळा फाडलं.

गुरुवार, ५ डिसेंबर

आज जे झालं ते झालं तसं लिहिते.

उषाला अकराला निजवलं. ओसरीवर येऊन बसले. पेटी शेजारी, खुंटी इब्राहीमने ठेवली तिथेच. मांडीवर पुस्तक. ऊन छान होतं. मी झोपले नव्हते, हे शपथेवर लिहायला तयार आहे. एकवीस पानं वाचली, त्यात काय होतं ते सांग म्हणाल तर सांगते.

दीडच्या सुमाराला पुष्पा कोपऱ्यावरून पळत येताना दिसली. चपला हातात. शाळा आज लवकर सुटली होती. तिच्या मागे पुंजाराम आणि दुकानातली आणखी दोघं. मला वाटलं गावात काही झालं. मी उठून विचारलं, तर ती माझ्या बाजूने आत पळाली. उषाला घेऊन बाहेर आली. लेकरू काळंनिळं झालं होतं. आवाज फुटत नव्हता, नुसते हुंदके. खालची दुपटी भिजून गार झाली होती, जावळ घामाने चिकटलं होतं. किती वेळ रडत होतं कुणास ठाऊक.

पुष्पाने एका हाताने उषाला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने पेटीची खुंटी पिळून बंद केली. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, बॅटरी उतरली असणार. रस्त्यावर पुंजाराम मान खाली घालून उभा होता.

बॅटरी उतरली होती हे उघड आहे. इब्राहीमला बोलावून चांगला जाब विचारते. फक्त एक गोष्ट समजत नाही. पेटी जर बंदच पडली होती, तर पुष्पाने ती बंद का केली?

शुक्रवार, ६ डिसेंबर

शाळेला सुट्टी. घरात कुणी बोलत नाही, निदान माझ्याशी नाही. भुजंग एकदा माझ्या तोंडापाशी येऊन म्हणाला, "आत्याबाई, तुमचा काई दोष न्हाई." ज्याचा दोष नसतो त्याला असं कुणी सांगत नाही.

पुष्पाने टेबलावर अर्ज लिहून ठेवलाय. मी वाचला. माझ्या घरात उघडा पडलेला कागद मी वाचणार. 'घरगुती अडचणीमुळे.' त्या दोन शब्दांत मी आहे. आठवडाभर रजा घेतली आहे, पुढच्या शनिवारी, चौदा तारखेला अर्ज देणार. चतुराबाईंना निरोप गेला आहे.

मी तिला म्हटलं, अर्ज देऊ नकोस. ती म्हणाली, "मंग काय करू आत्याबाई?" तिने रागाने विचारलं असतं तर माझ्याजवळ उत्तर होतं.

शनिवार, ७ डिसेंबर

भुजंगला गाठायला कारखान्यात गेले. मला दुसरी, जास्त ताकदीची बॅटरी हवी होती, आणि घरात तो माझ्यासमोर थांबत नाही. हंगाम जोरात आहे. फाटकापासूनच जिनचा दणदणाट पायांतून वर चढत होता. कापसाचे तंतू हवेत, बायांच्या केसांवर, भुवयांवर. भुजंग वजनकाट्यावर अडकलेला होता, म्हणून मी अंगणातल्या कडुलिंबाखाली थांबले.

तिथे सात झोळ्या होत्या. लिंबाच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या सात झोळ्या आणि मधे गोणपाटावर एक म्हातारी, पाय पसरून, सुतळी वळत बसलेली. आत काम करणाऱ्या बायांची लेकरं. प्रत्येक झोळीतून एक दोरी निघाली होती. पाच दोऱ्या तिच्या डाव्या हाताच्या पाच बोटांना, दोन पायांच्या अंगठ्यांना. मी बघत असताना तिने मान वर न करता करंगळी जरा ओढली, दोऱ्यांचे वेढे भराभर काढले, उठली, बरोबर चौथ्या झोळीपाशी गेली, आत हात घातला. लेकरू रडलंच नव्हतं. नुसतं रडायच्या तयारीत होतं.

मी विचारलं, हे कसं कळलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पाय आखडून दाखवले. "रडायच्या आदी लेकरू पाय आकडतंय," ती म्हणाली. "दोरी पायापाशी बांदायची, झोळीला न्हाई. झोळी वाऱ्यानं बी हलती."

तिचं नाव जन्नतबी. तीर्थपुरीकडची. चोवीस वर्षं जिनमध्ये यंत्रापाशी काम केलं, तेव्हा कान गेले. आता तिला मशिनीच्या आवाजाचाही त्रास नाही, हे तिने मोठ्या समाधानाने सांगितलं. मी म्हटलं, बहिऱ्या बाईच्या हवाली सात लेकरं, कारखान्याच्या मालकाला काही वाटत नाही का. बोलून झाल्यावर मला वाटलं, जरा कडक बोलले.

ती रागावली नाही. तिने सुतळी खाली ठेवली आणि माझ्या हनुवटीला हात लावून माझं तोंड उजेडाकडे वळवलं, एखाद्या मुलीचं वळवावं तसं.

"तुम्ही बी माझ्या तोंडाकडंच बघून राह्यल्या, बाई," ती म्हणाली. "कवाधरनं?"

मी तिथून निघाले. भुजंगला भेटले नाही. बॅटरी राहिली.

रविवार, ८ डिसेंबर

निवृत्तीच्या वेळी शाळेने मला तिथली जुनी हातघंटा दिली. पितळेची, लढाईच्या आधीची, तिच्यात पत्रा नाही. दुपारी खोलीचं दार लावून मी ती उजव्या कानाशी वाजवली. कुठेतरी लांब, दुसऱ्या गावाला वाजावी तशी ऐकू आली. मग डाव्या कानाशी. हात हलताना दिसला.

दार उघडलं तर पुष्पा उषाला घेऊन धापा टाकत उभी होती. परसातून पळत आली होती. काय झालं, असं तिने विचारलं. मला ते तिच्या ओठांवर दिसलं.

मी म्हटलं, काही नाही, घंटा तपासत होते. चांगली आहे.

आता मागची पानं वाचून काढली. घुंगरू, नळी, शिट्टी, म्हैस. सिस्टर आग्नेसला ही वही आवडली असती. चुका सगळ्या लिहिलेल्या आहेत, फक्त नावं चुकली आहेत.

मंगळवार, १० डिसेंबर

काल पुन्हा जन्नतबीकडे गेले. माफी मागण्यात वेळ घालवला नाही, शिकायला बसले. तिने दोन तास शिकवलं आणि दोन वेळा माझ्या हातावर चापट मारली. विद्यार्थ्याला मारू नये, असं माझं मत आहे. ते मी तिला ऐकवलं. तिने ऐकलं नाही.

दोरी कापसाच्या सुताची, पिळाची, पण तेल लावलेली नको. गाठ बाळाच्या टाचांखालच्या दुपट्याला, सैल. बोटाला एकच वेढा, दुसरा घेतला की बोट बधिर होतं आणि मग लेकराला दोष द्यायला आपण मोकळे. दोरी पार ताणायची नाही, ढिलीही सोडायची नाही.

आज इब्राहीम पेटी घ्यायला आला. मी त्याला म्हटलं, तुझं मशीन कमजोर नव्हतं. तो खाली बघत म्हणाला, "न्हाई बाई." म्हटलं, मग तसं का सांगितलंस. त्याने डबी काढली, तार गुंडाळली, पेटी उचलली, पण चौकटीवरच्या चिनी मातीच्या गुंड्या तशाच ठेवल्या. सुताची दोरी त्यांच्यावरून तेल लावल्यासारखी सरकते. माजघर, बैठक, ओसरी, माझी तर्जनी. एकूण सतरा हात.

भुजंगला आणि पुष्पाला समोर बसवून सांगितलं, मला ऐकू येत नाही. उजव्याने थोडं, डाव्याने नाही. दोघांना हे माहीत होतं. दिवाळीपासून माहीत होतं. मी विचारलं, सांगितलं का नाही. भुजंग म्हणाला, "तुम्हाला कोण सांगणार, आत्याबाई?" खरं आहे. या घरात मला काही सांगायची सोय मी ठेवलेली नाही. पण त्यापायी लेकरू इतका वेळ रडलं. त्याची माफी मी पुष्पाजवळ मागितली आणि नंतर माजघरात जाऊन उषाजवळही.

पुष्पाने अर्ज फाडला नाही. फाडावा असं मी म्हटलंही नाही. मी म्हटलं, तीस वर्षं मी मुलींच्या परीक्षा घेतल्या, आता तू माझी घे.

गुरुवार, १२ डिसेंबर

परीक्षा झाली. चतुराबाई सकाळीच मंठ्याहून उतरल्या होत्या, लेकराचे कपडे न्यायला रिकामी पेटी घेऊन. दोरी बघून म्हणाल्या, असलं रानातल्या बाया करतात. मी म्हटलं, रानातल्या बायांची लेकरं मोठी होतात ना.

अकरा ते दोन. मी ओसरीवर, तोंड रस्त्याकडे, बोटाला दोरी. पुष्पा, चतुराबाई आणि रजा काढून थांबलेला भुजंग बैठकीत. अकरा चाळीसला दोरी हलली, मी गेले. उषा डोळे उघडे ठेवून पाय आखडत होती. कोरडी केली, थोपटली, निजली. साडेबाराला पुन्हा. दोन्ही वेळा रडायच्या आधी मी पोचले, हे पुष्पाने सांगितलं, मला ते दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागतं.

सव्वाच्या सुमाराला दोरीला एक जोरदार हिसका बसला. मी उठले नाही. दुसरा बसला. मग मी उठून बैठकीत गेले आणि चतुराबाईंना म्हटलं, दोरी सोडा. सहा महिन्यांचं लेकरू असं ओढत नाही, ही वजनदार बाई आहे.

पुष्पा तोंडाला पदर लावून माजघरात पळाली. भुजंग भिंतीकडे वळला. चतुराबाईंनी दोरी सोडली आणि इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, त्यात पहिल्यांदा त्या मला बघून हसल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, झोपल्या असाल." मी म्हटलं, तुम्ही एवढ्या लांबून आलात, झोपून कसं चालेल.

त्यांना जेवायला वाढलं. रिकामी पेटी रिकामी परत गेली. जाताना त्यांनी दोरीची गाठ कशी मारतात ते दोनदा विचारलं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

टेबलावर अर्ज नाही. चुलीपाशीही नाही, राखेत कागद दिसला नाही. कुठे आहे असं मी विचारलं नाही. उद्या कळेल.

स्टेशन मास्तरांना पत्र लिहिलं. 'आपली शिट्टी नियमित आहे असं चौकशीअंती आढळलं. तक्रार मागे घेते. आपण माझ्या प्रकृतीची चौकशी केली याबद्दल आभारी आहे.' एकदाही फाडलं नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

सकाळी दहाला ओसरीवर येऊन बसले. थंडी बरीच आहे. बोटाला दोरी, मांडीवर पुस्तक. आत पुष्पाची तयारी चाललेली होती. अर्ज द्यायला जाते की शिकवायला, हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची हिंमत झाली नाही. असं मी आजवर कधी लिहिलेलं नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी दोरी हलली. दोनदा, हलकेच, मधे जरा थांबून. लेकरू असं ओढत नाही आणि चतुराबाई तर मंठ्याला आहेत. दोरीशी खेळतं कोण, अशा रागाने मी मागे वळले.

बैठकीच्या दारात पुष्पा उभी होती. एका हातात दोरी. दुसऱ्या हातात चौथीच्या वह्यांचा गठ्ठा आणि माझी छत्री. मी बघते आहे याची खात्री होईपर्यंत ती थांबली. मग ओठ नीट उघडून, शेवट न गिळता म्हणाली, "येते, आत्याबाई."

म्हटलं, "ये."